खुंटीवरचे हातमोजे

बाबा,

निकिता ह्यूस्टनहून पाया पडते. आईले सांगा, मी वेळेवर जेवते.

मागच्या सोमवारी मले फवारणीच्या विषावरच्या संशोधनाची प्रमुख केलं. इथं आल्यावर एकवीस वर्षांनी, आपल्या राळेगावच्या या डॉक्टरणीसाठी सभेतले सगळे उभे राह्यले. भाषणात मी तुमचा जुना फोटो दाखवला, बादलीतलं औषध हातानं ढवळतानाचा. म्हटलं, आमच्या घरी आता असं कोणी करत नाही.

काल व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागे खुंटीवर मी पाठवलेले हातमोजे दिसले. पाकीटही फोडलं नाही. काहून, बाबा? तेव्हापासून एका जागी बसवत नाही मले.

पऱ्हाटी कशी आहे, कापसाले बोंडं धरली काय? फवारून आल्यावर चक्कर येते काय? आईले इचारीन मी.

हातमोजे घालून एक फोटो पाठवा. तोवर मी भरसभेत खोटं बोलली, असंच समजून राहीन.

तुमची लेक,
निकिता