अ‍ॅम्प झाला की पुणे

९ नोव्हेंबर, रविवार

बोलून गेले. गेलेच बोलून! "तुझा हा गिटारचा अ‍ॅम्प नीट करून देते आणि मग जाते पुण्याला. अर्धवट टाकून गेली असं कुणी म्हणायला नको."

विक्रांत गिटारची तार पिळत होता. मान वर न करता म्हणाला, "बघ, तुला जमेल तसं."

बारा वर्षांच्या संसाराला एवढंच उत्तर. "जाऊ नकोस" म्हणायला काय जीभ झडते का याची? ऑफिसने पुण्याची बदली देऊ केलीय हे कळल्यापासून मी त्या दोन शब्दांची वाट बघतेय. नोकरी गेल्यापासून नवरा घरात असतो म्हणजे नुसता असतो. दिवसभर सोफा, संध्याकाळी अ‍ॅम्प. आणि अ‍ॅम्प लावला की त्याची ती घुंऽऽऽ — वाजवो न वाजवो! बाहेर हवा इतकी घाण की खिडक्या उघडायची सोय नाही. सगळी घुं आमच्याच डोक्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातून आल्यावर अ‍ॅम्प उघडला. जुना, व्हॉल्व्हचा. लग्नाआधी कुणाकडून तरी घेतलेला. कॉलेजनंतर पहिल्यांदा मीटर हातात धरला. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर म्हणे! नोएडात बसून पीपीटी करते.

आजार कळला. फिल्टरचे तीन कपॅसिटर गेलेत. विजेतली थरथर गाळून काढायची, स्पीकरपर्यंत जाऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम. तीनही एकाच पत्र्याच्या डब्यात बसवलेत. डब्याचा तळ फुगलाय, चिकट काहीतरी पाझरलंय.

विक्रांतला म्हटलं, टॉर्च धर. प्लग काढला तरी आत चारशे व्होल्ट साठून राहतात, हात घालू नकोस. तो दोन पावलं मागे सरकला. टॉर्च मात्र धरून होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कपॅसिटर शोधायला दिल्लीतलं लाजपतराय मार्केट. "येतोस?" विचारलं तर "तू जा ना यार." पुण्याबद्दलही हेच म्हणणं असणार.

तसला तीन एकत्र असलेला डबा कुठेच नाही. "मैडम, ये तो अब बनता ही नहीं. तीन अलग-अलग लगा लो." वीस मायक्रोफॅरडच्या जागी बावीस — तेवढा फरक चालतो. व्होल्टेज कमी मात्र चालत नाही. एकाने साडेतीनशेचे पुढे केले, वर म्हणतो, बिल्कुल चलेगा! फुटले तर तू येणारेस का घरी? साडेचारशेचे घेतले. घसा खवखवत परत आले.

१६ नोव्हेंबर, रविवार

जुना डबा जागच्या जागी ठेवला, त्याच्या वायरी सोडवल्या. नवे आतल्या बाजूला सोल्डर केले. विक्रांत टॉर्च घेऊन शेजारी. किती दिवसांनी इतके जवळ बसलो!

"हा उलटा नाही ना?" त्याने विचारलं. उलटाच होता! प्लसला मायनस. तसाच लावला असता तर धडाम. मी हसले. तोही हसला. मग उगाचच रडू आलं. म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

दोन बसले. तिसरा ठेवला पुढच्या सुट्टीवर. कंटाळा आला म्हणून सांगितलं त्याला. खरं तर कंटाळा नव्हता आला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मॅनेजर म्हणते, "मृणाल, मंडे तक फायनल बता दे यार." मेट्रोत उभ्या उभ्या रडले. कुणी बघितलंही नाही, बरं झालं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

झाला. तिसराही बसला.

अ‍ॅम्प लावला — शांत! एअर प्युरिफायरची घरघर ऐकू यायला लागली. विक्रांतने गिटार छेडली. काय स्वच्छ आवाज! मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोलेल. आता तरी!

"छान झालं," म्हणाला. अ‍ॅम्प बंद केला आणि आत जाऊन झोपला.

माझंच चुकलं. दुरुस्त करायला माणूस हा काय अ‍ॅम्प आहे? आता कशाची वाट बघायची? काही उरलं नाही इथे.

२३ नोव्हेंबर, रविवार

बॅग काढली. होकाराचा मेल लिहून ठेवलाय, उद्या सकाळी पाठवते. विक्रांत बॅगेला वळसा घालून पाणी प्यायला गेला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच परत घुंऽऽऽ! स्वतःवरच चिडले. माझं काम इतकं कच्चं? मेल तसाच सोडून स्क्रू काढायला बसले.

सोल्डर कुठेच सुटलेलं नाही. तिसऱ्या कपॅसिटरची तार कटरने कापलीय. सरळ, एका घावात; सोल्डरचा एक थेंब टाकला की परत जुळेल. चारशे व्होल्टच्या त्या पेटीत हात घातला या येड्याने!

वर बघितलं तर दारात उभा. कान लाल.

म्हटलं, "नवा आणावा लागणार. मिळायला वेळ लागेल बहुतेक."

म्हणाला, "लागू दे."