जयमालाबाईंच्या घरचं जेवण

गुरुवार, २९ जानेवारी

म्हणे सुट्टीला या! नाशिकहून निघताना ठरवलं होतं — पंधरा दिवस लेकीकडे निगडीला राहायचं, गॅलरीत बसून वाचायचं, कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. बॅग उघडायच्या आत अरुंधतीने चहाबरोबर बातमी पुढे केली. माझ्या नातीचं, पूर्वीचं लग्न. मुलगा तिच्याच कंपनीतला, दिग्विजय. घर चाकणच्या पुढे, राजगुरुनगरच्या अलीकडे. शेती आहे, दोन गोदामं भाड्याने दिलीत, माणसं जुनी गावातली. सहा महिने ओळख आहे. त्यांच्याकडून होकार. आता आपण काय सांगायचं ते सांगायचं.

"आई, तूच ठरव."

मी का? मुलगी तुझी, जावई माझा गप्प बसून पेपर वाचणारा, आणि निकाल मी द्यायचा! या घरात फ्रिज कुठला घ्यायचा हेसुद्धा मला फोन करून विचारतात. मी नको म्हटलं की सगळ्यांना हायसं वाटतं. वाईटपणा माझ्या नावावर, हे सगळे गोड.

पूर्वीला विचारलं. मान खाली. "तू म्हणशील ते, आजी."

"लाजतेय," अरुंधती म्हणाली. सत्तावीस वर्षांची इंजिनियर. लाजतेय!

शुक्रवार, ३० जानेवारी

पूर्वीनेच तोडगा काढला. मुलाची आई, जयमालाबाई, शेतावर स्वयंपाकाचे वर्ग घेते. सुट्टीत आलेल्या शहरी लोकांसाठी — भाकरी, रस्सा, मासवडी, सगळं स्वतःच्या हाताने करायचं. या शनिवार-रविवारी आणि पुढच्या शनिवारी. "तू जा ना, आजी. ओळख सांगू नकोस. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

खरं आहे, सुटत नाही. माहेरच्या आडनावाने नाव नोंदवलं.

अरुंधती हसत सुटली. "आई, तू आणि स्वयंपाक!" काय हसायचंय त्यात? बत्तीस वर्षं विमा कंपनीत काढली. घरी आधी सासूबाई होत्या, मग स्वयंपाकाला रखमा होती. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसने आम्हाला रुमालावर फुलं काढायला शिकवली, सूप न भुरकता प्यायला शिकवलं. भाकरीचा विषय नव्हता.

शनिवार, ३१ जानेवारी

मोशीपासून कंटेनरची रांग. जावई सलिल गाडी चालवत होता, मी घड्याळ बघत होते. उशीर झाला. वेळेवर न पोचणं मला जन्मात जमलं नाही, या रस्त्याने करून दाखवलं.

जयमालाबाई म्हणजे उंचपुरी बाई. मला वाटलं डोक्यावर पदर असेल — पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गळ्यात भरपूर सोनं. एवढं सोनं घालून पीठ मळायचं? आवाज असा की पलीकडच्या कंपनीच्या कुंपणावरचे कावळे उडावेत. शेडमध्ये चार चुली, आम्ही आठ विद्यार्थी. बाकी सगळे नातवंडांच्या वयाचे. माझ्या चुलीवर तळेगावची निशिगंधा नावाची मुलगी, एका हातात पीठ, दुसऱ्यात मोबाइल.

"ए पोरी, व्हिडिओत भाकरी फुगत न्हाई, तव्यावर फुगती. ठिव तो फोन!"

हे मला आवडलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मग माझी पाळी. "ओ बाई, कुरवाळताय काय भाकरीला? आजारी हाय का ती? थापा!"

मला! ज्या बाईसमोर डिव्हिजनल मॅनेजर उभा राहून बोलायचा, तिला! थापली. तुटली. पुन्हा थापली. पुन्हा तुटली. तिसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे नकाशा झाली.

दुपारी सगळे पंगतीला बसले. मी नाही. ठेचा पाहूनच ॲसिडिटी आठवली. अरुंधतीने दिलेला दहीभाताचा डबा आंब्याखाली बसून खाल्ला. समोर खाटेवर जयमालाबाईंचे सासरे — नानासाहेब, पंच्याऐंशीचे तरी असतील. माझ्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मान हलवली. "बरोबर हाय," म्हणाले. काय बरोबर आहे? म्हाताऱ्या पुरुषांना प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायचा असतो.

रविवार, १ फेब्रुवारी

आज रस्सा. कांदा-खोबरं पार काळं होईपर्यंत भाजायचं. मला वाटलं जळलं, मी तवा उतरवला. ओरडा खाल्ला.

वाटण पाट्यावर. निशिगंधा वाटता वाटता म्हणाली, काकू, घरात लग्नकार्य आहे का, एवढी रंगरंगोटी चाललीय. त्यावर जयमालाबाई सुरू —

"आमच्या दिग्विजयचं जमतंय एका ठिकाणी. पोरगी लई गुणाची. पर तिची एक आजी हाय म्हणं नाशकाला. अशी कडक, की बोलली तर भितीचा चुना पडावा."

सगळे हसले. माझा वरवंटा थांबला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" मी शक्य तितक्या थंड आवाजात विचारलं.

"पोरगीच सांगती की! आजी न्हाई म्हणली की आमच्यात विषय संपला, म्हणती."

चुना! भिंतीचा! मी उरलेलं वाटण असं वाटलं की पाटा गुळगुळीत व्हावा. वाटण उत्तम झालं म्हणे. व्हायचंच. आजही दहीभातच खाल्ला, पाठ फिरवून.

घरी पूर्वी वाटच बघत होती. "काय वाटलं?" मी सांगितलं — बाई मोठ्याने बोलते, म्हातारा अंगणात विडी ओढतो, सोन्याचं प्रदर्शन, बाथरूम पार गोठ्याच्या टोकाला. ती इतकं लक्ष देऊन ऐकत होती!

"मग नकोच ना?"

"मी अजून काही बोलले नाही."

"तसं नाही. पण तुला वाटत असेल तर सरळ सांग हं, आजी. माझा विचार करू नकोस."

केवढी समजूतदार मुलगी. तिच्या आईने घ्यावं थोडं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

घरी भाकरी केली. जाड झाली. सलिलने दोन खाल्ल्या — भीतीने.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

नकार कसा द्यायचा यावर अरुंधतीशी चर्चा. ती म्हणते, पत्रिका जुळत नाही म्हणून सांगू, सगळे तसंच सांगतात, कुणाला वाईट वाटत नाही. मी म्हटलं, त्यांनी पत्रिका मागितलीच नाही, आपण जुळवली कशाशी? खोटं बोलायचं तर निदान नीट बोला. नकार द्यायचा तर कारण द्यायचं, तोंडावर.

पण कारण काय? मोठा आवाज? मग मला कुणी सून करून घेतलं नसतं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. मासवडी. नावात मास, ताटात बेसन. उकळत्या पाण्यात एका हाताने बेसन सोडायचं, दुसऱ्या हाताने घोटायचं, गुठळी होता कामा नये. मग तो गरम गोळा ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने पातळ थापायचा. निवला की संपलं, चिरतो. वर तीळ, खोबरं, कांदा, लसूण यांचं भाजलेलं सारण, आणि फडक्यासकट उचलून घडी, माशाच्या आकाराची. बोटं पोळली. मी हूं की चूं केलं नाही. माझी वडी न चिरता सुटली! जयमालाबाईंनी सुरीने कापून सगळ्यांना दाखवली. "बघा, नाशिकच्या बाईंची. एक भेग न्हाई."

तेवढ्यात नानासाहेब आले. रस्सा चाखला. मीठ जास्त, म्हणाले. जयमालाबाई कमरेवर हात ठेवून वळल्या. "नाना, मीठ बराबर हाय. तुमची जीभ विडीनं मेलीय." सर्वांसमोर! आता म्हातारा पेटणार. तर तो हसायला लागला. खोकेपर्यंत हसला. "मेली खरी," म्हणाला आणि वाटी पुढे केली. पलीकडे जयमालाबाईंची मोठी सून मडकं घासत होती — तीसुद्धा म्हणाली, "आत्याबाई, पण आज जरा जास्तच हाय हां." जयमालाबाईंनी पुन्हा चाखला. "व्हय की," म्हणाल्या, आणि रश्श्यात गरम पाणी ओतलं.

मी बघत राहिले. ज्या घरात सून सासऱ्याला बोलते, सुनेची सून तिला बोलते, आणि कुणी फुगून बसत नाही — त्या घरात काय वाईट होणार मुलीचं? आमच्या घरात एवढं बोलायला मला नाशिकहून यावं लागतं.

डबा आज उघडलाच नाही. स्वतःच्या हाताची मासवडी सोडून दहीभात? पंगतीत बसले. दोन भाकऱ्या. रस्सा तीनदा मागितला. ॲसिडिटीने तोंड काढलं नाही.

नानासाहेब खाटेवरून बघत होते. मी ताट संपवलं तसे काठी टेकत उठले आणि जयमालाबाईंना हाक मारली. त्या आल्या. स्पोर्ट्स शूज काढलेले, ओढणी डोक्यावर. मला कुंकू लावलं, हातावर गुळाचा खडा ठेवला, वाकून नमस्कार केला. निशिगंधाला काही नाही, फक्त मलाच. वयाचा मान. चांगली पद्धत आहे, आमच्या ऑफिसात निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

ठरलं. हो म्हणायचं. उद्या सावकाश पूर्वीला सांगते.

रविवार, ८ फेब्रुवारी

सावकाश कसलं! अकरा वाजता दाराशी पांढरी मोठी गाडी. नानासाहेब फेट्यात. जयमालाबाई पैठणीत. मागे दिग्विजय, हातात पेढे, नारळ आणि चेहऱ्यावर मावत नाही इतकं हसू. अरुंधती गाऊनवर होती!

"या आजी," जयमालाबाई माझ्याच लेकीच्या घरात मला म्हणाल्या, "तुमी होकार दिला, मग आमी कशाला थांबावं?"

"मी? कधी?"

"काल. जेवला की तुमी."

मग कळलं. त्यांच्यात मुलीकडचं वडीलधारं माणूस सोयरीक ठरल्याशिवाय मुलाच्या घरी जेवत नाही. चहा, पाणी चालतं. ताटावर बसलं की होकार. तोंडाने वेगळं सांगायची गरज नाही.

"अहो, मी वर्गात आले होते! आठ जण जेवले!"

नानासाहेब शांतपणे म्हणाले, "बाकीचे पाहुणे. तुमी दोन दिस घरनं डबा आणून झाडाखाली बसला. तवाच मी सुनंला म्हणलं, बाईंस्नी रीत म्हाईत हाय. काल स्वतःहून ताटावर बसला."

रीत! ती ॲसिडिटी होती!

"आणि मी कोण हे तुम्हाला —"

"पहिल्याच दिशी," जयमालाबाई म्हणाल्या. "दिग्विजयनं फोटू दावलावता."

"म्हणजे ते चुन्याचं —"

"ते तुमाला ऐकवायलाच म्हणलं."

मग काय झालं कोण जाणे, हसू फुटलं. सगळेच हसले. अरुंधती हसता हसता रडली. सलिलने पेपर खाली ठेवला. मी म्हटलं, "नाहीतरी हो म्हणणारच होते. तुम्ही तेवढा वेळ वाचवलात."

पूर्वीची ओटी भरली. वाकली, सगळ्यांच्या पाया पडली. माझ्या पाया पडताना वर बघितलं नाही. दिग्विजय तिच्याकडे असा बघत होता की मलाच अवघडलं. चांगला मुलगा आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पूर्वी आज कामावर गेली नाही. अरुंधती ऑफिसला निघाल्यावर माझ्या खोलीत आली, दार लोटलं.

"आजी, मला नाही म्हणायचं होतं."

मला आधी समजलंच नाही.

"म्हणून तुला पाठवलं. तो वाईट नाही गं. कुणीच वाईट नाही. कारणच सापडत नव्हतं, काय सांगणार होते? आई म्हणते आजीला विचार, बाबा म्हणतात आई बघेल. मला वाटलं तू म्हणशील. तू तर सगळ्यालाच नाही म्हणतेस."

रडली नाही. मी तिला ओरडले नाही.

उद्या चाकणला जायचं. बोलायचं तिचं तिने, जयमालाबाईंच्या आणि त्या मुलाच्या तोंडावर. मी शेजारी उभी राहीन. घरून जेवून निघू. तिथे पाणीसुद्धा घ्यायचं नाही.