अर्मांडचं नाक

मॉक्सी,
रविवार, ७ एप्रिल २०१९

प्रिय अर्मांड,

धाकट्या भावाचा नमस्कार घे, आणि पत्र पाहून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन सोडून मी कागद घेऊन बसलोय म्हणून मार्जी मघापासून हसतेय. "चर्चमधून आल्यापासून नवरा कवी झालाय," म्हणते. इकडे सगळे मजेत आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. शेतांवर हॉप्सच्या वेलांसाठी सुतळ्या बांधायचं काम जोरात आहे. आपल्या कुंपणावरच्या वेलालाही वीतभर कोंब आलेत.

गेल्या महिन्यात घरी घातलेली पेल एल बिअर परवा उघडली. अरे, काय उतरलीय म्हणून सांगू! उकळी संपता संपता कॅस्केड हॉप्सची फुलं घातली, आणि आंबून झाल्यावर सिट्रा नि अमॅरिलो जातीची. आधीच्या खेपेला ही दोन्ही निम्मी-निम्मी घातली होती, तर सिट्रा सगळ्यांच्या डोक्यावर बसला. नुसता आंबा आणि लिंबू, बाकीचे मुकाट. म्हणून यंदा सिट्रा एक भाग आणि अमॅरिलो दोन भाग घेतलं. आता आधी संत्र्याची साल येते, मागून पपनस, आणि घोट गिळल्यावर बेताचा कडूपणा राहतो. तू म्हणायचास ना, सिट्रा म्हणजे लग्नातला मोठ्या आवाजाचा मामा, बोलवायचा पण माइक द्यायचा नाही. अगदी खरं आहे बघ.

लग्नावरून आठवलं. आमच्या नोएलचं पंधरा जूनला ठरलंय. मुलगा चांगला आहे, बिअर पितो आणि तिच्याबद्दल मत देत नाही. नोएलचा हट्ट एकच: लग्नातली बिअर बाबा आणि काकानं मिळून केलेली हवी, आणि हॉप्स काकानं हुंगून निवडलेले. तिनं तुला फोन केला होता ना? तो ठेवून ती माझ्याकडे आली ती डोळे पुसतच. "काका म्हणाला, पोरी, माझं नाक चार वर्षांपूर्वीच गेलं. तुझ्या लग्नात मला घाण करायची नाही."

मी बाहेर जाऊन कुंपणापाशी उभा राहिलो. मार्जी मागोमाग आली नि म्हणाली, "आता तरी तोंड उघडणार आहेस, की मीच लिहू?" तिला सगळं ठाऊक आहे.

तर ऐक. त्या सप्टेंबरात आपण मिळून घातलेल्या बिअरसाठी तू सिट्रा आणि सिमको निवडलंस. नेहमीसारखी फुलं तळहातावर चोळलीस, नाकाशी धरलीस आणि म्हणालास, "उत्तम." एकतीस वर्षं हॉप्सच्या गोदामात तू हेच केलंस, तुझ्या होकाराशिवाय गठ्ठा ट्रकवर चढत नसे. सोबतीला घालायचं कॅस्केड आपल्या कुंपणाचं, ते तोडून वाळवायचं काम माझं होतं. तू विचारलंस, "वेळेवर तोडलंस ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय!"

नव्हतं तोडलं. नदीवर मासे धरत बसलो होतो. बारा दिवस उशीर झाला. फुलं कडेनं तांबूस पडली होती, आणि वाळत घातली तर गॅरेजभर कांद्या-लसणाचा वास सुटला. हॉप्स वेलावर जास्त राहिले की असाच वास मारतात, हे मॉक्सीत शेंबडं पोरही सांगेल. मी मनाची समजूत घातली की बिअरमध्ये मुरून जाईल, आणि तू घरी गेल्यावर पिशवी ओतून मोकळा झालो. तुला हुंगू दिलं नाही, कारण तू तिथल्या तिथे ओळखलं असतंस.

मग घरी बिअर करणाऱ्यांच्या आपल्या क्लबात होल्गरनं पहिला घोट घेतला आणि ओरडला, "ही बिअर आहे की कांद्याचं सूप?" सगळे खो-खो हसले. माझ्याकडे वळले तेव्हा मी म्हणालो, "हॉप्स अर्मांडनं निवडलेत, त्यालाच विचारा." तू पेला नाकाशी धरलास आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाहीस. मग म्हणालास, "चोळताना मला कळलं कसं नाही? वय झालं माझं." तेव्हाच मला बोलता आलं असतं. मी त्यांच्याबरोबर हसलो, अर्मांड. त्याची मला रोज लाज वाटते.

पुढे तू बिअरची भांडी, तराजू, सगळं वाटून टाकलंस आणि स्पोकॅनला लेकीकडे राहायला गेलास. ट्रकमध्ये तुझी खोकी मीच चढवली. तेव्हाही गप्पच राहिलो.

गेल्या गुरुवारी क्लबात उभा राहून सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, जोड्यानं मारतील. तर होल्गर विचारतो, "कुठली कांद्याची बिअर?" अरे, कुणाला आठवतही नाही! त्यांची एका संध्याकाळची थट्टा झाली. तुझी चार वर्षं गेली, आणि ती मी घालवली.

तुझं नाक शाबूत आहे. ते कधी गेलंच नव्हतं.

सोबत तीन पुड्या पाठवतोय. नावं मुद्दाम लिहिली नाहीत. चोळून हुंग आणि काय किती घालायचं ते कळव. नाही कळवलंस तरी तुझा हक्क आहे, मी कुरकुर करणार नाही. मग पाहुण्यांना लिंबाचं सरबत देऊ. नोएलला तुझ्या नकाराचं खरं कारण मी सांगितलंय. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

रोझानला आशीर्वाद.

तुला फसवलेला, तरीही तुझाच,
जेरोम


स्पोकॅन,
शनिवार, १३ एप्रिल

जेरोम,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुला फोनवर शिव्या घालायला उठलो. रोझाननं फोन काढून घेतला. "बाबा, रक्तदाब," म्हणाली.

गाढवा, चार वर्षं मी सकाळची कॉफीसुद्धा भीत भीत हुंगलीय. डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, तुम्हाला काही झालेलं नाही. मी त्यालाच मूर्ख ठरवलं. माझा भाऊ खोटं बोलेल हे कधी डोक्यातच आलं नाही.

पुड्या आल्या तेव्हापासून टेबलावर पडून होत्या. हात लावायचा धीर होईना. आज सकाळी फोडल्या. पहिली अमॅरिलो, छान जपलीय. दुसरी सिट्रा, थोडा लवकर तोडलेला, मागे हिरव्या गवताचा वास आहे. म्हणजे तुझं दोनास एक चालणार नाही, तीनास एक करू. तिसरी आपलं कुंपणाचं कॅस्केड, आणि त्याला जुनाट चीजचा वास येतोय. पिशवीत हवा राहिली तुझ्या. आहे तेवढं सगळं फेकून दे. गेल्या महिन्याच्या बिअरमध्ये हेच घातलं असशील, तर ती "काय उतरलीय" तेही येऊन बघतो.

तिन्ही ओळखले आणि टेबलावर डोकं ठेवून रडलो. रोझान धावत आली, तिला वाटलं हॉप्सची भुकटी डोळ्यांत गेली.

माफ केलंय असं समजू नकोस. ते समोरासमोर बसून बघू. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी निघतोय. नोएलला सांग, काका येतोय. आणि तोवर तू चूल पेटवायची नाहीस, एकही पिशवी फोडायची नाहीस. मी हुंगल्याशिवाय त्या घरात भांड्यात काही पडणार नाही.

तुझा थोरला,
अर्मांड