दोन चांदी

१२ जून
काल वीज पडून हुकुमचंद पटलेंची म्हैस मेली. मोहाच्या झाडाखाली बांधली होती. मी पंचनाम्याला गेले, ‘दुधाळ’ लिहिलं, कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे फोनमध्ये टाकले — आणि मालक आल्या सुशिलाबाई! त्याच गल्लीतल्या. हुकुमचंदभाऊ बघतच राहिले.

“माही म्हैस सुशिलाबाईची काऊन झाली जी?”

तीन वेळा तपासलं. तेच! नंबर जुळला नाही तर सरकारी मदत नाही. माणूस रडकुंडीला आलेला, आणि मला मात्र हे कसं झालं याचीच उत्सुकता. आपण जरा विचित्रच आहोत.

१३ जून
सुशिलाबाईंकडे गेले. माझी स्कूटी दिसताच बाई आत, दाराला कडी. फोनमध्ये त्यांच्या नावावर एक जिवंत म्हैस. गोठा मात्र रिकामा!

हुकुमचंदभाऊंच्या घरच्या गोमतीबाईंना विचारलं. म्हणाल्या, “तिची म्हैस त मागच्या भादव्यात पुरात गेली. मदतीचा छदामबी नाई भेटला. तुमच्यासंगं कायले बोलंल ते?”

माझ्यासंगं का नाही? विचारणार तोवर त्या चहा टाकायला उठल्या.

१४ जून
सुटी. दिवसभर डोक्यात म्हैस. बहीण नूतनताई म्हणाली, “तू ढोरांच्या दवाखान्यात चुकून गेलीस, पोलिसात जायचं होतंस.”

१६ जून
सापडलं!

गावची गुरं जमतात त्या आखरावर नंदलाल गायकी भेटला. गावाची गुरं तोच चारतो. गेल्या वर्षी, पुराच्या आधीच्या उन्हाळ्यात, मी तिथेच बिल्ले मारले होते. मालक सगळे तेंदूपत्ता तोडायला जंगलात. जनावरं धरायला एकटा नंदलाल.

“तुमी पुसलं, हे कोन? मी म्हनलं, चांदी. मंग दुसरी आली. तेबी चांदीच!”

दोघींच्याही कपाळावर पांढरा ठिपका.

“अरे, मग मालक नाही का सांगायचा?”

“मी ढोराईले ढोराच्या नावानं वळखतो, मॅडम. मालकाईचे नावं तुमच्या यादीत होते.”

यादीत चांदीच्या नावापुढे दोन मालक; पहिली चांदी मी सुशिलाबाईंची लिहिली, दुसरी पटलेंची. होतं नेमकं उलटं! पोट धरून हसले. पटलेंचं काम आता दुरुस्तीच्या एका अर्जात होईल.

घरी येताना कुडवा गावाच्या वळणावर हसू थांबलं. अदलाबदल झाली, तर पुरात गेलेल्या चांदीच्या कानात पटलेंचा नंबर होता. मग सुशिलाबाईंचा मदतीचा अर्ज कोणी तपासला? उद्या जुनी फाईल काढायची.

१७ जून
अर्ज सापडला. खाली शेरा: “बिल्ला दुसऱ्याच्या नावे. दावा खोटा. मदत देऊ नये.” ‘खोटा’खाली दोन रेघा.

अक्षर माझं. पुराच्या त्या आठवड्यात चाळीसेक मेलेली जनावरं पाहिली होती. ही बाई मला आठवतही नाही. फार लाज वाटतेय.

चूक माझी, असं लिहून सही केली. कागद घेऊन निघालेय. स्कूटी त्यांच्या दारातच लावीन. त्यांनी कडी लावली तर बाहेर बसून राहीन.