गावचीच मुलगी पाहिजे

११ फेब्रु. २०११, शुक्र.

आज मॉक इंटरव्ह्यूत माझी बिनपाण्याने झाली. करिअर सेलच्या लीना मिस एरवी देवमाणूस, पण टेबलापलीकडे बसल्या आणि एकदम परक्या बाई झाल्या. "टेल मी अबाउट युवरसेल्फ." मी म्हटलं नाव दर्शना, टी.वाय. बी.ए., सोशिऑलॉजी... पुढे गाडी बंद. मिस म्हणाल्या, "नजर वर. आणि घाबरलीस की तुझा 'आम्ही'चा 'आमी' होतो बघ." होणारच! घरी सगळे आमीच म्हणतात.

सकाळच्या प्रार्थनेत फादर म्हणाले, शिक्षण म्हणजे नुसती नोकरी नव्हे, देव कशासाठी हाक मारतोय ते ऐकणं. मला अजून कुणाची हाक आलेली नाही. बाबा तर रोज विचारतात, "त्या समाजशास्त्रानं पोट भरतं का गो?" नीतिशास्त्राचा पेपर सगळ्यांना सक्तीचा आहे हे मी त्यांना सांगितलेलंच नाही.

१८ फेब्रु., शुक्र.

झालं! झालं झालं झालं!

कंपनी आली होती. आपल्या पट्ट्यात काहीतरी मोठं टाउनशिपसारखं येतंय त्यांचं. बी.कॉम.वाल्यांचं ग्रुप डिस्कशन, बी.एम.एस.च्या पोरी टाय लावून आलेल्या, आणि मला आत बोलावून काय विचारलं? गाव कुठलं. घर कुठल्या आळीत. आत्या कुठे दिली (करंज्याला). गावकीत कोण बसतं. गावातल्या बायका माझ्याशी बोलतात का. सावंत म्हणून सर होते, हसरे. माझा तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट समोर होता, आमच्याच गावावरचा, घरं, विहिरी, कोण कोणाचं भाऊबंद. मार्कशीट उघडलीसुद्धा नाही. मी काय, पोपटासारखी बोलले. "आमी" दोनदा गेलं तोंडातून, तर म्हणाले, "असंच बोला. हेच पाहिजे आम्हाला."

पोस्ट: समाज-संपर्क प्रशिक्षणार्थी. मिसनी मिठी मारली. नोटीस बोर्डावर माझा फोटो लागणार.

बी.कॉम.चा एकही घेतला नाही. का, ते नाही कळलं. कळून करायचंय काय!

१३ जून, सोम.

पहिला दिवस. नवीन पनवेलला ऑफिस, एसी इतका की हातावर काटा. काम ऐकून हसू आलं. गावात हिंडायचं, घरोघरी बसायचं, चहा प्यायचा, प्रकल्पाबद्दल चांगलं बोलायचं. संध्याकाळी सावंत सरांना (पुढे नुसतं सा. सर) तोंडी सांगायचं, कोण काय म्हणालं ते. हे तर मी फुकटात करत आले जन्मभर.

आई शेजारणीला सांगत होती, "आमची दर्शू हापिसात हाय." ताई नुसती हसली. ताईचं चिरनेरला जमतंय, मुलगा बंदरात कामाला. वैशाखातला मुहूर्त बघतायत.

२४ सप्टें., शनि.

सा. सर विचारतात ते प्रश्न लिहून ठेवावेसे वाटतात, पण नको. कुणाकडे आजारपण आहे. कुणाचा मुलगा बापाशी बोलत नाही. खालच्या आळीतल्या दोघा भावांचं बांधावरून वाजलंय, हे मी गंमत म्हणून सांगितलं होतं, गणपतीत. काल त्यातला धाकटा कंपनीच्या गाडीतून उतरला, नवीन बूट घालून. त्याच्या हिश्शाची जमीन कंपनीला द्यायचं नक्की झालं म्हणे.

थोरल्याची बायको मला विहिरीवर भेटली. "कसं कलला गो त्यांना?" मी म्हटलं, काय माहीत.

घरी जेवले नाही. आईला वाटलं उपास.

१६ जाने. २०१२, सोम.

काल संक्रांत. आज सरांनी बोलावलं. डोक्यात त्यांच्या आलंय ते असं: गावातल्या पुरुषांशी बोलून होत नाही, बाळाराम काका ऐकत नाहीत. (बाळाराम काका म्हणजे गावकीचे मुख्य. त्यांनी "नाय" म्हटलं की गाव नाय म्हणतं. एकमेकांना न विचारता कुणी जमीन द्यायची नाही, असं देवळात ठरलंय.) तेव्हा बायकांसाठी हळदीकुंकू कर, वाण आम्ही देऊ. स्टीलचे मोठे डबे, झाकणाचे.

मी म्हटलं सर, हळदीकुंकू मी कसं करणार, मी कुमारी. सवाष्ण लागते. तर म्हणाले, "आई आहेत ना तुमच्या?"

आईला विचारलं. ती इतकी खूश झाली की मला पुढचं बोलवेना. तिने आजवर वाण म्हणून साबण, कंगवे, एकदा गाळणी लुटली. "एवढाले डबे!" म्हणाली, "सगल्यांना बोलवू, खालच्या आलीला पण."

२७ जाने., शुक्र.

अंगण माणसांनी भरलं. बाळाराम काकांच्या घरच्या काकी पण आल्या! सोबत त्यांची प्रणाली, माझ्याच कॉलेजात, यंदा टी.वाय.ला. तिने तिळगूळ वाटला. आई हिरव्या साडीत, प्रत्येकीला कुंकू लावते, हातात डबा ठेवते, "गोड बोला" म्हणते. मला रडू येत होतं आनंदाने, खरंच.

ऑफिसातला फोटोवाला येणार हे मला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना डबे वर धरायला लावले. बायका लाजल्या, हसल्या, धरले.

डब्याच्या बुडाला कंपनीचं चिन्ह आहे. ते मी सगळे वाटून झाल्यावर पाहिलं. वाण घरचं असावं लागतं. आईला बोलले नाही.

३ फेब्रु., शुक्र.

नाक्यावर फ्लेक्स लागला. केवढा! रिक्षातून उतरले आणि समोर आईच. मध्यभागी आई, बाजूला काकी, मागे अख्खं गाव, सगळ्यांच्या हातात डबे. वर लिहिलंय, "विकासाच्या पाठीशी माता-भगिनी."

पानवाला माझ्याकडे बघून आत वळला. बाळाराम काका फ्लेक्सखाली उभे होते, हात मागे बांधून, वाचत. एवढंसं वाचायला एवढा वेळ लागत नाही.

६ फेब्रु., सोम.

सकाळी दार उघडलं तर ओट्यावर डबे. रांगेत नाही, जसे ठेवले तसे, काही आडवे पडलेले. एक उघडा, त्यात कुंकू.

वाण कुणी परत करत नाही. कुठेच नाही. नवऱ्याच्या आयुष्याचं असतं ते. आणि ह्या बायकांनी ते पाप डोक्यावर घेतलं, पण डबे घरात ठेवले नाहीत.

आई बसली ती बसलीच. म्हणाली, "माझ्या हातानं दिलं गो मी. माझ्या हातानं." मी म्हटलं आई, चूक माझी. तिने ऐकलंच नाही. डबे बाबांनी आत आणले. कुठे ठेवायचे कळेना, शेवटी गोठ्यात.

१२ फेब्रु., रवि.

देवळात गावकी बसली. बाबांना बोलावलं, मला नाही. आम्ही तिघी घरात, टीव्ही बंद.

बाबा आले, चप्पल काढली, हातपाय धुतले. मग म्हणाले, गावाशी व्यवहार बंद. आपल्याकडे कुणी पाणी प्यायचं नाही, आपण कुणाच्या दारात जायचं नाही. पाडव्यानंतर परत बसतील, तेव्हा बघतील.

ताईने विचारलं, "आणि लग्न?"

लग्न म्हणजे गावच असतं. मांडव गाव घालतं, भाकऱ्या आळी भाजते, आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण आल्याशिवाय हळद लागत नाही. आमची धवलारीण बाळाराम काकांची सख्खी बहीण. चिरनेरचे तर आधीच कडक, जंगल सत्याग्रहाचं गाव. ताईचे सासरे साखरपुड्यालाच बोलले होते, "आमी चिरनेरचे. आमाला रानाचं आन् जमिनीचं कुनी शिकवू नये." त्यांना कळलं की संपलं.

बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन पडले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ फेब्रु., मंगळ.

राजीनामा दिला. वाटलं होतं सा. सर चिडतील. त्यांनी चहा मागवला. "तुमचा निर्णय, दर्शना. पण तुम्ही गेलात म्हणून फ्लेक्स उतरणार नाही आणि काम थांबणार नाही. तुमच्या जागी गावचीच दुसरी मुलगी येईल." इतकं प्रेमाने बोलले की माझ्या अंगावर काटा आला. एसीचा नव्हे.

तिथून सरळ कॉलेज. लीना मिसना सगळं सांगितलं. मिसच्या डोळ्यांत पाणी आलं. फादरशी बोलते म्हणाल्या. मग हळूच, "पण दर्शना, आर्ट्सच्या मुलांना घेणारी ही एकच कंपनी आहे गं. यंदा दोन जागा दिल्यात." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, तर रडू आलं. बाहेर बोर्डावर माझा फोटो अजून आहे. खाली लिहिलंय, आमचा अभिमान.

७ मार्च, बुध. होळी.

दरवर्षी प्रत्येक घरातून एक लाकूड जातं. बाबांनी यंदाही काढून ठेवलं होतं, आंब्याचं, चांगलं वाळलेलं. पोरं गोळा करत आळीतून आली, आमच्या दारापाशी आवाज बंद झाला, पुढच्या दारापाशी परत सुरू.

बाबा लाकूड हातात धरून उभेच. मग आत आले, चुलीशी ठेवलं. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. खाल्ल्या. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे तर वासे जागेवर आहेत आणि माणसं फिरली. आणि फिरवली मीच, हे कुणी तोंडावर म्हणत नाही.

१० मार्च, शनि.

दुपारी मागच्या दाराने प्रणाली आली. बाळाराम काकांची प्रणाली! मी घाबरलेच. म्हटलं, अगं वेडी का, कुणी बघितलं तर? ती मागच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "पाणी दे आधी." दिलं. घटाघटा प्यायली. एवढ्या दिवसांत आमच्या घरचं पाणी प्यायलेली गावातली ती पहिली.

म्हणाली, "ताई, माझा नंबर लागलाय शॉर्टलिस्टला. सोमवारी इंटरव्ह्यू. लीना मिस म्हणाल्या चांगली संधी हाय, पण दर्शनाशी बोलून घे. पप्पांना नाय सांगितलं अजून. नोकरी लागली की सांगन. तू खरं सांग, काम कसं हाय?"

चेहरा असा चमकत होता. माझाही असाच होता, वर्षापूर्वी.

मला काय काय दिसलं त्या एका क्षणात. ही नोकरीला लागली की काकांचं तोंड बंद. गावकीच्या मुख्याची पोर कंपनीत, मग आमच्यावर कुठल्या तोंडाने बहिष्कार? पाडव्यानंतर बसतील तेव्हा गुपचूप उठवतील. धवलारीण येईल. मांडव पडेल. मला करायचं काहीच नाही, फक्त गप्प बसायचं. आणि सावंत हिला पण विचारतील, कुणाचा मुलगा बापाशी बोलत नाही. ही पण सांगेल, गंमत म्हणून.

मी म्हटलं, "आत्ता नको, आई उठेल. संध्याकाळी फोन करते."

ती गेली. वळले तर माजघराच्या दारात ताई. सगळं ऐकलेलं. माझी ताई, जिने मला इतक्या दिवसांत एका शब्दाने टोचलं नाही. जवळ आली, माझा हात धरला, घट्ट.

"काय सांगू नको तिला," म्हणाली. "माझं लग्न होऊ दे. मग सांग."

हात सोडला. मग आत जाऊन भांडी घासायला लागली.

फोन मी केलेला नाही. प्रणालीचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले. रात्रीची जेवणं झाली, ताई परत भांड्यांशी. आता परत वाजतोय, आणि आतला भांड्यांचा आवाज थांबलाय.