श्वास घेणारं जॅकेट

कात्रप, बदलापूर

आदरणीय भीमरावदादा,

साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता मांडी घालू देतो का? आम्ही खुशाल आहोत. (फोनवर तुम्ही निम्म्यातच हसायला लागता, म्हणून लिहितो.)

परवा सोमवारी सकाळी मी नवं जॅकेट अंगात घालून न्हाणीघरात पाटावर बसलो आणि मीनाला म्हटलं, वरून पाणी ओत. दोन तांबे ओतून ती म्हणाली, "अहो, उटणंही लावू का?"

दोष तिचा नाही. गेल्या श्रावणात आपण भीमाशंकरला पायी निघालो, तेव्हा त्या जाड रेनकोटात मी घामाने असा भिजलो, की तापाने कुडकुडत अर्ध्या घाटातून परतावं लागलं. आईने माझ्यासाठी बोललेला नवस तिथेच राहिला. यंदा तुमचा हुकूम आला: हलकं, श्वास घेणारं जॅकेट आण, नाहीतर घरी बस. आता मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. श्वास घेणारं म्हणजे माणूस, बैल आणि फार तर लोहाराचा भाता, एवढंच मला ठाऊक. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या जॅकेटवाल्या सिंधी शेठला विचारलं, तर म्हणाला, "साईं, ये आपसे ज्यादा साँस लेता है." खात्री करावी म्हणून मी बाही तोंडाला लावून फुंकर मारली. "अरे भाऊ, जॅकेट है, बासरी नहीं!" सगळं दुकान हसलं. लाजेने मी अंगात घालूनसुद्धा न बघता ते घेतलं.

तर पाण्याच्या परीक्षेत जॅकेट पास झालं. मग तेच घालून जिने चढलो-उतरलो. (शेजारची वैदेही म्हणाली, "काका, लिफ्ट चालू आहे.") घामाने निथळलो. काखेतल्या चेनी वारा यायला उघडायच्या असतात, हे मागाहून कळलं.

एवढं झाल्यावर, नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरायची नाही या आपल्या रीतीप्रमाणे जॅकेट देव्हाऱ्यापुढे ठेवलं, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. निखारा नेमका जॅकेटच्या पाठीवर पडून फुटला. तीन भोकं. आता मात्र ते खरोखरच श्वास घ्यायला लागलं.

मी कपाळाला हात लावून बसलो. मीनाने जुन्या छत्रीच्या कापडाचं ठिगळ पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशनने चिकटवलं आणि अंगात घालून पाहिलं. जणू तिच्याच मापाचं! (माझ्या पोटावर चेन तशीही अडत होती.) मी हात पुढे केला, तर म्हणाली, "पाणी मी ओतलं, ठिगळ मी लावलं, आणि देव एकटे तुम्हीच बघणार?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला. यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा.

आपला,
संतोष

ता. क. खरं काम असं की, तुमचं जुनं जॅकेट, ज्याला मी सगळ्यांदेखत खताची गोणी म्हणालो होतो, ते यंदा मला मिळेल का?

पुन्हा ता. क. उत्तराची वाट न पाहता आजच नवं जॅकेट मीनाला देऊन टाकलं आणि यात्रेच्या यादीत तिचं नाव घालायला, यादी ठेवणाऱ्या आपल्या नितीनला सांगितलं. घाटात ती पुढे चालेल, मी मागून. ती दमली तर मला दिसावं म्हणून, असं तिला सांगितलंय. मी दमलो तर तिला दिसू नये, हे तुम्हाला सांगतो.