ठोकून बघितलं होतं

३ फेब्रुवारी, सोमवार

घरी येऊन तीन दिवस झाले. आजपासून रोज लिहिणार. सेफ्टी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, डोक्यातलं कागदावर उतरवलं की झोप लागते. मला झोपेचा प्रॉब्लेम नाही. तरी लिहितो. वही कपाटात, पांघरुणांच्या खाली. कुणी वाचायची नाही.

रिपोर्टसारखं लिहू, सवय आहे. मी पेंटिंग सुपरवायझर. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर बावीस वर्षं. अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस दिवस इथे पोलादपूरच्या वर वाडीत. काम एकच, लोखंड गंजू द्यायचं नाही. खारं वारं रंगाखाली शिरतं. वरून सगळं झकास आणि आत पापुद्रे. म्हणून माणसं खाली उतरवण्याआधी चालायच्या जाळीला खालून धरणारे लोखंडी ब्रॅकेट हातोडीने ठोकून बघायचे. आवाज खणखणीत आला की पास. मग चेकलिस्टवर सही.

२२ जानेवारीला माझ्या गँगमधल्या अश्विनच्या पायाखालचा ब्रॅकेट तुटला. बेल्ट होता म्हणून पाण्यात गेला नाही, पण पाय दोन पाइपांत सापडला. मांडीत रॉड घातलाय. आता दासगावला घरी आहे.

तो ब्रॅकेट मी ठोकून बघितला होता. शंभर टक्के. सही आहे.

उद्या त्याला भेटून येणार.

४ फेब्रुवारी

नाही गेलो. मोटारसायकलच्या मागच्या टायरमध्ये हवा कमी. बायको म्हणाली, पंप हाय की घरात. तुळसाला कळत नाही. हवेचा प्रश्न नाही, टायरचा भरवसा वाटला पाहिजे.

त्याऐवजी गेट घासून प्रायमर मारला. दिवस वाया गेला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. महाडपर्यंत. अश्विनसाठी एक किलो सफरचंदं घेतली. पण नेमकी एमआयडीसीची शिफ्ट सुटलेली. बसेस, मोटारसायकली, नुसती झुंबड. त्यात मी पडलो तर दोघं आडवे, मग गँग कोण सांभाळणार? परत फिरलो.

सफरचंदं घरी खाल्ली. ठेवून खराबच झाली असती.

८ फेब्रुवारी

सेफ्टी ऑफिसर नायर साहेबांचा फोन. २२ तारखेपर्यंत लेखी जबाब पाहिजे. विचारलं, ब्रॅकेटचं टॅपिंग तुम्ही स्वतः केलं ना, हातोडीने? मी म्हणालो, सर, चेकलिस्ट बघा.

उत्तर चांगलं होतं. खोटं एक अक्षर नाही.

प्लॅटफॉर्मच्या पायांना पाण्याखाली अॅल्युमिनियमचे ठोकळे लावलेले असतात. ते स्वतः झिजतात आणि लोखंडाला वाचवतात. गँगसाठी मी तसाच आहे असं मला पुष्कळदा वाटतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दासगावच्या फाट्यापर्यंत गेलो. ही प्रगतीच आहे. उसाचा रस प्यायलो. मग घड्याळ बघितलं, तर अडीच. दुपारी पेशंट झोपलेला असतो. उठवणं बरं नाही. दुसरा ग्लास प्यायलो आणि निघालो.

सगळे ब्रॅकेट ठोकले होते. खालच्या बाजूचा एखादा राहिला असेल तर माहीत नाही. लाटा होत्या त्या दिवशी. नव्वद टक्के.

१३ फेब्रुवारी

हातोडी हातात बरी वाटते. सकाळपासून खिडक्यांचे गज, मोरीचा पाइप, पत्र्याखालचे अँगल, सगळं ठोकून बघितलं. शेजारच्या रामाचा ट्रॅक्टरपण. तो म्हणाला, काय रे, विकत घेतोस काय? तुळसाने परात आणून पुढ्यात आपटली. म्हणाली, ही पण ठोका, नायतर माझं डोकं ठोका.

तिला म्हटलं, याला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात.

जबाबाचा कागद काढून ठेवलाय. वर तारीख टाकली. उरलेलं उद्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

वाडीतले येसाजीकाका आले. परवा वाडीतला चांगू पाण्याची उंच टाकी धुवायला चढणार होता. काका म्हणाले, तू समुद्रातला माणूस, जरा शिडी बघ रे आमची. मी म्हटलं, रंग नवा दिसतोय की. ते म्हणाले, रंग नवाच हाय, गेल्या साली मारलाय. पण तू बघ.

एकोणीस पायऱ्या. खालून एकेक ठोकत वर गेलो. टण, टण, टण. अकराव्या पायरीला आवाज आलाच नाही. हातोडीचं टोक आत गेलं. बाहेर काढलं तर भोकातून लाल भुगा हातावर पडला. वरचा निळा रंग तसाच चकचकीत.

खाली सगळे वाहवा करत होते. चांगू म्हणाला, काका, मी बायकोला सांगणार नाय हां ह्यातलं. काकांनी बळेच चहा पाजला. संध्याकाळी रामाने घरी येऊन पाठ थोपटली.

खाली उतरल्यावर घड्याळ बघितलं होतं. एकोणीस पायऱ्यांना सात मिनिटं लागली. प्लॅटफॉर्मवर त्या बाजूला सोळाच ब्रॅकेट होते.

१७ फेब्रुवारी

लिहून टाकतो.

ठोकला नव्हता. तो नाही आणि बाकीचेही नाहीत. गुडघा दुखत होता, वारा होता. चेकलिस्टवर सोळा टिकमार्क केले आणि सही केली. आणि आधीच्या महिन्यात ऑडिट होतं म्हणून त्याच बाजूला गंज न खरवडता वरून रंग मीच मारून घेतला होता. छान दिसत होता.

(दुपार) लिहिल्यावर एकदम हलकं वाटलं. आता सगळं स्पष्ट आहे. नायर साहेबांना पत्र लिहायचं, पण आधी अश्विनला दाखवायचं. त्याच्या डोळ्यांत पाणी येईल. मी त्याचा हात धरीन. नोकरी जाईल कदाचित. गेली तर गेली. पण अशी कबुली द्यायला छाती लागते. उद्या ट्रेनिंगमध्ये माझंच उदाहरण देतील. मलाच बोलवतील बोलायला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पत्राचे पाच कच्चे खर्डे. 'दुर्दैवाने' हा शब्द ठेवावा की काढावा? ठेवला. काढला.

रात्री तुळसाला सांगितलं. भाकरी थापत होती. थांबली. म्हणाली, मला वाटलं तुम्हाला पाण्याचं भ्या बसलंय, म्हणून हे हातोडीचं चाललंय. भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, पत्र कशाला लिहीत बसलाय, जावा आधी त्याच्या घरी, तोंडानं सांगा.

मी म्हटलं, लेखी असलं की वजन येतं. ती म्हणाली, त्याला वजन नाय सोसायचं आता.

उद्या पत्र पक्कं करणार. २२ ला सकाळी दासगाव, दुपारी नायर साहेबांना फोन. एका फेरीत दोन्ही कामं. शेवटच्या तारखेच्या आत.

२१ फेब्रुवारी

दाढी केली. शर्टाला इस्त्री. आरशासमोर दोनदा बोलून बघितलं. आवाज कापत नाही. तयारी पूर्ण.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. दहा वाजता पोचलो.

अश्विन पडवीत खुर्चीवर होता, पाय स्टुलावर. इतका बारीक झालाय की आधी त्याचा भाऊ वाटला. त्याची आई, सोनाबाई, पाणी घेऊन आल्या. तांब्या ठेवून तशाच आत गेल्या.

मी सुरुवात केली. अश्विन, मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, त्यासाठी फार धैर्य गोळा करून आलोय. दुसऱ्या वाक्यालाच तो म्हणाला, मला ठाऊक हाय दादा. तुम्ही मेसमध्ये बसून टिकमार्क करत होता. चहा मीच आणून दिला होता तुम्हाला.

मी विचारलं, मग उतरलास कशाला?

तो म्हणाला, तुम्ही ओके बोललात ना.

मी पत्र काढून दिलं. त्याने सगळं वाचलं, घडी घालून परत दिलं. म्हणाला, अक्षर चांगलं हाय तुमचं. मग म्हणाला, नायर साहेबांना काल फोन केला मी. सगळं सांगितलं. वीस दिवस थांबलो होतो. आई रोज बोलायची, सांगून टाक. मी बोलायचो, थांब गो, दादा येतील, ते स्वतः सांगतील.

आरशासमोर पाठ केलेलं एकही वाक्य त्यानंतर आठवेना. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हात धरायचा राहिला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, आलाच आहात तर मोरीपर्यंत नेता काय, आईला झेपत नाय. मी उठवलं. त्याने माझ्या खांद्यावर भार टाकला. पंधरा पावलं असतील. मध्ये तीनदा थांबलो. दर वेळी तो दात आवळून म्हणायचा, एक मिनिट दादा. मी भिंतीकडे बघत होतो.

सोनाबाईंनी जेवून जा म्हटलं नाही. मीही थांबलो नाही.

गाडी चालू करताना अश्विन म्हणाला, सोमवारी तुम्हाला मुंबईला बोलवतील, साहेब बोलले तसं.

घरी आलो. तुळसा दारातच होती. विचारलं, सांगितलंत? मी हो म्हणालो. पाय धुतले, आत आलो, आणि म्हणालो, नाही. त्यानंच सांगितलं.